आयत्या पिठामागचं जातं

१९३७ साली औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, एक जाडजूड इंग्रजी-उर्दू कोश बाहेर पडला. अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा तो कोश, आणि त्याचे संपादक मौलवी अब्दुल हक. उर्दू जगात त्यांना आजही 'बाबा-ए-उर्दू' म्हणतात. मूळचे हापूडचे मौलवीसाहेब निजामाच्या शिक्षण खात्यात आले, १९१२ च्या सुमारास अंजुमनची सूत्रं त्यांच्या हाती आली आणि त्यांच्यामागोमाग संस्थेचं बिऱ्हाडही या शहरात आलं. १९२१ पासून 'उर्दू' नावाचं त्रैमासिक इथूनच निघू लागलं. ऑक्सफर्डच्या कोशाला समोर ठेवून इंग्रजीतला शब्द न् शब्द उर्दूत आणण्याचा हा उद्योग कुठे दिल्ली-लखनौला नव्हे, आपल्या खाम नदीच्या काठच्या गावात झाला, हे छत्रपती संभाजीनगरच्या मराठी माणसाला फारसं ठाऊक नसतं. ठाऊक असायला हवं.

कोशकाराची खरी परीक्षा अवघड शब्दांपाशी होत नाही. शास्त्रातल्या संज्ञेला प्रतिशब्द शोधता येतो, नसेल तर घडवता येतो. परीक्षा होते ती 'केक', 'हात', 'पाय', 'चालणं' असल्या घरगुती शब्दांपाशी. चार साधे शब्द एकत्र येतात आणि त्यांचा अर्थ चौघांपैकी कुणापाशीच सापडत नाही. तो सापडतो त्या लोकांच्या जगण्यात: त्यांच्या स्वयंपाकघरात, घोड्याच्या तबेल्यात, जहाजावर, मळ्यावर. या संग्रहात अशाच एका कुळातले इंग्रजी वाक्प्रचार गोळा केले आहेत. काम सोपं आहे, सहज होण्यासारखं आहे, असं सांगणारे. पीस ऑफ केक, केकवॉक, हँड्स डाउन, चाइल्ड्स प्ले, प्लेन सेलिंग आणि त्यांची भावंडं. अर्थ तर दिले आहेतच; पण माझा सगळा जीव गुंतला तो ते कुठून आले या भागात.

हेच कूळ का निवडलं, ते सांगायला हवं. मराठवाड्यात इंग्रजी कधीच सोपी म्हणून आली नाही. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. घरात मराठी, कचेरीत उर्दू आणि इंग्रजी कुठेतरी लांब, असा अनेक पिढ्यांचा अनुभव. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे इथे महाविद्यालय काढलं, तेच पुढचं मिलिंद. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं. नागसेनवनात, म्हणजे मिलिंदच्या परिसरात, शिकायला आलेल्या कितीतरी मुलांच्या घरात त्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. या मुलांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या वळणाने वाक्य वाक्य जुळवत इंग्रजी कमावली. आज वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत त्यांची नातवंडं काम करतात. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत स्पर्धा परीक्षांच्या ढिगाखाली वाक्प्रचारांच्या पुस्तिका असतात, त्यांत डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे अर्थ. 'अगदी सोपे काम'. दहा वाक्प्रचार आणि दहांच्या पुढे तेच तीन शब्द. मुलं पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. विसरणारच. धरून ठेवायला त्यात काही नसतं.

आता आपल्या घरापासून सुरुवात करू. मराठी माणूस सोपेपणाबद्दल कसा बोलतो, याकडे कान देऊन पाहा. तो बहुतेक वेळा नकारातून बोलतो. 'हे काही खायचं काम नाही.' 'पोरखेळ वाटला का?' 'येरागबाळ्याचं काम नव्हे', ज्यातला तो येरागबाळा तुकोबांच्या वाणीतून आपल्या घरोघरी येऊन राहिला आहे. एखादं काम खायचं आहे, पोरखेळ आहे, असं सरळ होकारार्थी म्हणणारा विरळा. शहागंजच्या किंवा रोशन गेटच्या बाजूला गेलात की दखनी उर्दूतही हाच सूर: 'खालाजी का घर समझे क्या?' मावशीच्या घरी पोराला कोण अडवणार? दार उघडंच, ताट वाढलेलंच. म्हणून सोपेपणाची परिसीमा म्हणजे मावशीचं घर. पण तेही आठवतं ते 'हे तसं नव्हे' हे सांगण्यासाठी. कबीरांनी प्रेमाच्या वाटेबद्दल बोलताना ही मावशी आणली तीही नकाराने.

मला वाटलं होतं की हा आपला स्वभाव असावा, कोरडवाहू मुलखातल्या लोकांचा. पण इंग्रजीतला 'चाइल्ड्स प्ले' शोधत मागे गेलं की थेट चौदाव्या शतकातला चॉसर भेटतो, आणि त्याच्या एका कथेत लग्नाचा विषय चालू असताना हा शब्द येतो तो 'हा पोरखेळ नव्हे' अशाच अर्थाने. आजही इंग्रज 'नो पिकनिक' म्हणतो, 'ही सहल नाही'. म्हणजे सोपेपणाचे कितीतरी शब्द अवघडाची उंची मोजण्यासाठीच जन्माला आले आणि मग हळूहळू सरळ अर्थाने वापरले जाऊ लागले. संग्रहात जिथे नकारी रूप जास्त रुळलं आहे तिथे तेच आधी दिलं आहे.

खाण्याकडे वळू. आपलं 'खायचं काम' आणि त्यांचा 'पीस ऑफ केक', दोघांचा संसार एकाच चुलीवरचा. समोर ठेवलेला घास तोंडात घालायला कष्ट पडत नाहीत. अमेरिकन लोक 'ईझी ॲज पाय' म्हणतात. तिथेही भाजणं नव्हे, खाणं सोपं. 'पीस ऑफ केक' छापील रूपात ऑग्डन नॅश या अमेरिकन विनोदी कवीच्या १९३६ च्या लेखनात दिसतो, पण त्याला घरोघरी नेलं ते ब्रिटिश हवाई दलाच्या वैमानिकांनी. दुसरं महायुद्ध चालू होतं. विशीतली मुलं रात्री बॉम्बफेकीला निघत आणि परतणारे निघालेल्यांपेक्षा कमी असत. अशा मोहिमेला ते 'केकचा तुकडा' म्हणत. रोआल्ड डाल, ज्यांची चॉकलेट फॅक्टरीची गोष्ट आपल्याकडची मुलंही वाचतात, ते त्या दलात वैमानिक होते. सप्टेंबर १९४० मध्ये त्यांचं विमान वाळवंटात कोसळलं, कवटीला इजा झाली, काही काळ दृष्टी गेली. त्या अपघातावर बेतलेल्या कथेला पुढे त्यांनी नाव दिलं, 'अ पीस ऑफ केक'.

हे कळल्यावर 'अगदी सोपे काम' हा अर्थ अपुरा वाटू लागतो. मरणाच्या तोंडावर उभं राहून भीतीला लहान करणारा तो शब्द आहे. आपल्याकडे डोंगराएवढं काम हातात घेताना 'हां, त्यात काय मोठंसं' म्हणणारी माणसं असतात ना, तसा.

केकवॉकची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिच्यापाशी मला जास्त वेळ थांबायचं आहे. निवडणुकीच्या बातम्यांत आणि क्रिकेटच्या वर्णनात मराठी वर्तमानपत्रं हा शब्द सर्रास वापरतात. अमुक उमेदवाराला केकवॉक, तमुक संघाला केकवॉक. लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा केक खात खात रमतगमत चालणारा कुणी सुखी माणूस असतो. खरी जागा आहे अमेरिकेच्या दक्षिणेतले मळे, गुलामगिरीचा काळ. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांची मुलंनातवंडं दिवसभर राबत आणि सुटीच्या दिवशी जोडीजोडीने नाचत. त्या नाचात ते गोऱ्या मालक-मालकिणींच्या ताठर, नटव्या चालीची नक्कल करत: छाती पुढे, मान मागे, गुडघे उंच, टोपी काढून लवून मुजरा. मालक मंडळी बघायला बसत, हसत, टाळ्या वाजवत आणि सर्वांत डौलदार जोडीला बक्षीस म्हणून केक देत. हसं आपलंच चाललं आहे, हे त्यांतल्या अनेकांच्या ध्यानातही येत नसे.

गुलामगिरी संपल्यावर हा नाच रंगमंचावर आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्ट विल्यम्स, जॉर्ज वॉकर आणि एडा ओव्हरटन वॉकर या कृष्णवर्णीय कलावंतांनी त्याला अफाट लोकप्रियता मिळवून दिली. १९०३ साली त्यांचं 'इन दाहोमी' हे नाटक लंडनमध्ये चाललं आणि त्यांनी बकिंगहॅम राजवाड्यातही ते करून दाखवलं. ज्या चालीची टिंगल करायला नाच जन्मला होता, ती चाल मिरवणाऱ्यांच्या थेट दिवाणखान्यात तो पोचला. फ्रेंच संगीतकार देब्युसीने १९०८ च्या आपल्या पियानोरचनांत केकवॉकचा ठेका घेतला. आणि याच वर्षांच्या आगेमागे शब्दाचा अर्थ घसरत घसरत 'बिनकष्टाचा विजय' असा झाला. पाहणाऱ्याला नाच इतका सहज दिसला की सहज या शब्दालाच त्याचं नाव मिळालं. त्या सहजतेत किती तालीम होती, किती अपमान गिळलेला होता, किती चतुराईने तो परतवलेला होता, हे शब्दाच्या वाटेवर गळून पडलं.

मराठवाड्याच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. गावच्या पाटलाची, सावकाराची नक्कल करत लोकांना हसवणारा तमाशातला सोंगाड्या आपल्याला परका नाही. पोटासाठी नाचणाऱ्याने नाचता नाचता धन्याला चार शब्द ऐकवावेत आणि धन्यानेच खूश होऊन दौलतजादा करावा, हा प्रकार आपल्या मातीतलाही आहे. म्हणून केकवॉक हा शब्द वर्तमानपत्रात वाचताना मला आता त्या सोंगाड्याची आठवण येते.

हातांचे वाक्प्रचार दोन्ही भाषांत आहेत, पण त्यांचे हात निराळे. 'हातचा मळ' किंवा 'डाव्या हाताचा मळ' म्हणजे चोळला की निघतो तो. त्यात मळ आहे, म्हणजे त्याआधी मातीचं काम आहे, आणि डावा हात कमी मानण्याची आपली जुनी सवयही आहे. इंग्रजीतला 'हँड्स डाउन' घोड्यांच्या शर्यतीतून आला, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. शर्यतीच्या शेवटी घोडा इतका पुढे असतो की स्वाराला लगाम खेचायची, घोड्याला पिटाळायची गरज उरत नाही; तो हात खाली सोडतो आणि घोडा आपल्याच चालीने रेषा ओलांडतो. शर्यत सोपी नव्हती, फक्त शेवटचे काही क्षण सोपे होते. प्रेक्षकांच्या नजरेत राहिले ते तेवढे क्षण.

'प्लेन सेलिंग' सांगायला मला फार आवडतं. नाविकांची एक जुनी रीत होती: समुद्राचा नकाशा काढताना पृथ्वी सपाट आहे असं धरून चालायचं, रेखांश आणि अक्षांशांच्या रेषा सरळ, सारख्या अंतरावर आखायच्या. हिशेब एकदम सुटसुटीत. जवळच्या प्रवासाला, विषुववृत्ताच्या आसपास, ही रीत चालून जायची. लांब गेलं, उत्तरेकडे गेलं की चूक वाढत जायची आणि जहाज भलत्याच किनाऱ्याला लागायचं. १५६९ साली मर्केटरने नवा नकाशा काढला तो याच अडचणीवर. सोप्या कामाला इंग्रजीने त्या सपाट नकाशाचं नाव दिलं. म्हणजे हा सोपेपणा पृथ्वीचा गोलवा दृष्टीआड करून मिळवलेला. पाठ्यपुस्तकं, योजना, अंदाजपत्रकं बनवणाऱ्यांनी हा वाक्प्रचार मूळ गोष्टीसकट वाचावा असं मला मनापासून वाटतं.

मराठीत या सगळ्यांना पुरून उरणारा एक वाक्प्रचार आहे: 'आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे'. यात सोपेपणा आहे आणि त्याची किंमत कुणी मोजली याचा हिशेबही तिथल्या तिथे आहे. पीठ आयतं येत नाही. पहाटे उठून जात्याचा खुंटा धरणारी बाई त्या वाक्यात न दिसता बसलेली आहे. इंग्रजी वाक्प्रचारांत भाजणारा, राबणारा बहुधा गाळलेला असतो. इथे 'आयत्या' या एका शब्दाने त्याला हजर ठेवलं आहे. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी चाळीसच्या दशकात महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे खंड काढले. ते चाळताना जातं, उखळ, मोट, नांगर, चूल यांनी आपली भाषा किती भरली आहे ते पानोपानी दिसतं.

आणि आयत्या पिठाचा विषय या शहरात निघाला की पाणचक्कीला वळसा घालून पुढे जाता येत नाही. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात ती उभी राहिली. शहराबाहेरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मैलोगणती जमिनीखालच्या खापरी नळांतून आणलं, उंचावरून पाडलं, त्या जोरावर खालची पाती फिरली आणि पातींवर जातं फिरलं. फकिरांच्या आणि वाटसरूंच्या भाकरीचं पीठ त्यावर निघे. मलिक अंबरच्या काळापासून या शहराला नहरींची विद्या अवगत होती, तिचाच हा पुढचा अवतार. आज पर्यटक तिथे उभे राहतात, पाणी पडताना पाहतात आणि 'किती सोपी युक्ती!' म्हणतात. युक्ती सोपी दिसते खरी. पण उतार कुठे किती ठेवायचा, पाण्याच्या दाबाने नळ फुटू नये म्हणून मध्ये मनोरे कुठे बांधायचे, हे डोंगरापासून दर्ग्यापर्यंत जमीन पायाखाली घालून कुणीतरी ठरवलं होतं. ज्यांनी चर खणले आणि खापरं भाजली त्यांची नावं शिलालेखावर नाहीत.

मौलवी अब्दुल हक यांनी असं एक नाव मात्र वाचवलं, आणि त्याचा उल्लेख केल्याशिवाय ही प्रस्तावना मला पुरी करवत नाही. 'चंद हमअसर' या त्यांच्या व्यक्तिचित्रांच्या पुस्तकात विद्वान आहेत, मोठे सरदार आहेत आणि त्यांच्या पंगतीत एक माळी आहे: नामदेव. बीबी का मकबऱ्याच्या बागेतला, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेला. मौलवीसाहेबांचं काम त्या बागेतच चाले आणि लिहिता लिहिता खिडकीतून त्यांना नामदेव दिसे. रोपाला पाणी घालायचं, मागे सरून पाहायचं, पुन्हा जवळ जायचं, पानं पुसायची. एका वर्षी पाऊस कमी झाला, विहिरी तळाला गेल्या, बागेतली झाडं सुकली. नामदेवच्या वाट्याची झाडं हिरवी राहिली, कारण तो लांबून डोक्यावर पाणी वाहून आणत होता. आपण काही जगावेगळं करतो आहोत असं त्याला कधी वाटलंच नाही. पुढे त्याला शाही बागेत नेलं. तिथे एके दिवशी मधमाश्यांचं मोहोळ उठलं, बाकीचे माळी पळाले, हा कामात गढलेला, त्याला कळलंही नाही, आणि त्यातच तो गेला. ज्या कामात गोडी नाही ते काम वेठबिगार, अशा आशयाचं मौलवीसाहेबांनी त्याच्याबद्दल लिहिलं आहे. कोशात शब्दांचे अर्थ बसवणाऱ्या माणसाने समोरच्या बागेत सहजतेचा अर्थ असा ओळखला होता. मराठी वाचकाने हे व्यक्तिचित्र मिळवून जरूर वाचावं. ते आपल्याच गावचं आहे.

व्युत्पत्तीच्या बाबतीत एक शिस्त मी पाळली आहे. गोष्ट जितकी चटकदार, तितका संशय जास्त. 'बॉब्ज युअर अंकल' या ब्रिटिश वाक्प्रचाराची कथा सर्वत्र सांगितली जाते: १८८७ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी, म्हणजे रॉबर्ट उर्फ बॉब, यांनी आपला भाचा आर्थर बाल्फर याला आयर्लंडचं मोठं पद दिलं, म्हणून 'बॉब तुझा मामा असला की झालं काम'. नेमणूक खरी, नातं खरं. पण हा वाक्प्रचार छापील मजकुरात दिसू लागतो तो विसाव्या शतकाच्या विशीत, घटनेनंतर साडेतीन दशकांहून जास्त काळाने. लोकांच्या तोंडी असलेला राजकीय टोमणा इतकी वर्षं एकाही वर्तमानपत्रात न येता राहील, हे मला पटत नाही. म्हणून संग्रहात ती 'सांगितली जाणारी कथा' म्हणूनच दिली आहे. आपल्या 'सरकारी जावया'शी तिचं गोत्र जुळतं, म्हणून ती मराठी माणसाला लगेच खरी वाटते, एवढाच तिचा जोर. म्हणी-वाक्प्रचारांच्या रचून सांगितलेल्या गोष्टी मराठीतही पुष्कळ फिरतात. त्या मुलांना पाठ्यपुस्तकातलं सत्य म्हणून शिकवू नयेत.

बाकीच्या नोंदी लहान आहेत. 'रोलिंग ऑफ अ लॉग' जंगलतोड्यांचा, ओंडक्यावरून घसरून पडायला शिकावं लागत नाही इतकंच त्यात आहे. 'नो स्वेट' उघड आहे. 'लो हँगिंग फ्रूट' कंपन्यांच्या बैठकांतून इतका झिजला आहे की तो वाक्प्रचार न राहता हिशेबातली बाब झाला. वापरायचाच तर जपून वापरावा.

वापराबद्दल मात्र प्रत्येक नोंदीत एक वेगळी ओळ दिली आहे: कोण, कुणाला, कधी म्हणतो. नुसत्या अर्थापेक्षा ती जास्त कामाची. कुणी मदत मागितली आणि तुम्ही 'पीस ऑफ केक' म्हणालात, तर समोरच्याचा संकोच जातो. आपण 'त्यात काय, देतो करून' म्हणतो तसं. तेच शब्द दुसऱ्याने रात्रभर बसून पूर्ण केलेल्या कामाबद्दल त्याच्यासमोर उच्चारलेत, तर तो दुखावतो. मुलाखतीत 'हे काम जमेल का' असं विचारल्यावर 'केकवॉक' म्हणणारा उमेदवार उथळ ठरतो, आणि 'नो पिकनिक' म्हणून पुढे आपण ते कसं करू हे सांगणारा ऐकला जातो. 'हँड्स डाउन' स्वतःच्या विजयाला लावू नये, दुसऱ्याच्या विजयाला खुशाल लावावा. 'चाइल्ड्स प्ले' शिक्षकाने विद्यार्थ्यासमोर शक्यतो वापरूच नये. ज्याला ते गणित सुटलेलं नाही तो वर्गात मागच्या बाकावर बसलेला असतो आणि त्याला ते ऐकू येतं.